जीवनसत्त्वांचे उपचारातील स्थान : क्षय आणि एच.आय.व्ही.

क्षयरोग्याच्या समाचाराला जाणारा मनुष्य सहसा रिकाम्या हाताने जात नाही. कोणी फळे नेतो, कोणी अंडी नेतो, आणि कोणी औषधांच्या दुकानातून 'शक्तीची' बाटली विकत घेऊन जातो. आत अमुक इतकी जीवनसत्त्वे आहेत, असे बाटलीवर छापलेले असते. रोग्याच्या उशाशी ती बाटली मानाने विराजमान होते. सरकारी केंद्रातून विनामूल्य मिळालेल्या गोळ्यांपेक्षा पदरचे पैसे मोजून आणलेल्या या पातळ औषधावर घरच्या मंडळींचा विश्वास अधिक बसतो, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. गोळ्यांनी मळमळते, लघवी तांबडी होते. बाटलीतले औषध मात्र गोड लागते. दोन महिन्यांनी खोकला थांबला आणि अंगावर थोडे मांस चढले, म्हणजे गुण कशाने आला हा प्रश्न निघतो, व त्याचे उत्तर पुष्कळदा चुकीचे दिले जाते. त्या चुकीच्या उत्तरावर विसंबून रोग्याने गोळ्या सोडल्या आणि बाटली चालू ठेवली, तर रोग उलटतो आणि प्रसंगी प्राणांवर बेततो.

यासाठी क्षय आणि एच.आय.व्ही. या दोन रोगांत जीवनसत्त्वांचे खरे काम कोणते, याची प्रयोगांच्या आधारे छाननी करणे अगत्याचे आहे. दोन्ही रोगांचा विचार एकत्र करण्याचे कारण असे, की एच.आय.व्ही. हा विषाणू शरीरातील ज्या रक्षक पेशींचा संहार करतो, त्यांच्याच बळावर शरीर क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवीत असते. हे रक्षक नाहीसे झाले, की कोंडलेले जंतू मोकळे होतात. एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या मनुष्याच्या मृत्यूचे जगभर आढळणारे सर्वांत मोठे कारण क्षय हेच आहे. आणि जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे.

माशाचे तेल आणि सूर्यप्रकाश

जीवनसत्त्वांचा क्षयाशी जोडलेला संबंध हा जीवनसत्त्वांच्या शोधाहूनही जुना आहे. लंडनमधील ब्रॉम्प्टन येथे क्षयरोग्यांसाठी एक रुग्णालय होते. तेथे १८४० नंतरच्या दशकात रोग्यांना कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजीत असत, आणि कित्येकांचे वजन वाढे, खोकला कमी होई. या तेलात 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे विपुल असतात हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. 'व्हिटॅमिन' हा शब्दच मुळी काझिमिर फुंक याने १९१२ साली प्रचारात आणला. इतकेच काय, क्षय हा जंतूंपासून होतो हेही रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले, तेव्हा जगाला कळले. पुढे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन याने त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार रूढ केला व त्याबद्दल त्याला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेल आणि ऊन यांनी काही रोग्यांना बरे वाटे, ही गोष्ट खोटी म्हणता येणार नाही. परंतु बरे वाटणे आणि फुफ्फुसातील जंतू नाहीसे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जंतू मारणारे पहिले समर्थ औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांनी वेगळे केले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे अत्यंत प्रभावी आणि स्वस्त औषध हाती आले. तेव्हापासून क्षयाच्या उपचाराचा पाया औषधांवर उभा राहिला, तो आजतागायत तेथेच आहे. आज आपल्याकडे साध्या क्षयात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल ही चार औषधे दोन महिने, आणि त्यांतील पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन पुढे चार महिने देतात.

मद्रासचा प्रयोग

औषधे हाती आली, तरी एक जुनी समजूत कायम होती. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवावे, स्वच्छ हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न द्यावे, एरवी औषधाचा उपयोग व्हावयाचा नाही, असे मोठमोठे वैद्य मानीत. हे खरे असते, तर भारतासारख्या देशाला आशाच उरली नसती; कारण रोगी लाखांनी मोजावे आणि खाटा हजारांनी, अशी येथील अवस्था होती.

१९५६ साली मद्रास (आजचे चेन्नई) येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून क्षय-रसायनोपचार केंद्र स्थापन केले. वॉलेस फॉक्स हे तेथील संशोधनाचे एक प्रमुख सूत्रधार होते. या केंद्राने शहरातील दाट वस्तीत राहणाऱ्या सुमारे दोनशे गरीब रोग्यांची, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, दोन गटांत विभागणी केली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्याला त्याच्याच घरी. औषधे दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पास, एक वर्षभर. आरोग्यधामातील रोग्यांना खाटेवर विश्रांती आणि सकस आहार मिळाला. घरचे रोगी गर्दीत राहिले, त्यांना काम करावे लागले, आणि खाणे तर बरेच उणे होते. दोन्ही गटांतील रोग्यांच्या आहाराची नोंद केंद्राने पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली आहे.

१९५९ साली निष्कर्ष जाहीर झाला. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले होते. परंतु थुंकीतून जंतू नाहीसे होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक अल्पच होता. या एका प्रयोगाने जगभर क्षयोपचाराची दिशा पालटली व घरच्या घरी उपचार करण्याची पद्धत मान्य झाली. आपल्या प्रस्तुत विषयापुरता त्याचा अर्थ असा : जंतू मारण्याचे काम औषध करते, आणि आहार निकृष्ट असला तरीही ते करू शकते. आहाराला काहीच महत्त्व नाही असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. ही गोष्ट त्या वेळी पुष्कळांच्या ध्यानात आली नाही, आणि पुढे कित्येक वर्षे क्षयाच्या कार्यक्रमांत अन्नाचा विचार मागे पडला.

औषधामुळे उत्पन्न होणारी उणीव

याच मद्रास केंद्रात आणखी एक प्रश्न सोडविला गेला, आणि जीवनसत्त्वाचे स्थान कोठे आहे हे त्याच्याइतके स्पष्ट दाखविणारे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आयसोनियाझिड मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रोग्यांच्या तळपायांना मुंग्या येत, आग होई, पुढे बधिरपणा येई. कित्येकांना चालणे कठीण होऊन बसे. क्षय बरा होत असताना पाय निकामी होऊ लागले, तर रोगी औषधाला दोष देऊन ते सोडणार, हे उघड आहे. याचे कारण औषधाच्या रचनेत दडलेले होते. आयसोनियाझिडचा रेणू आणि 'ब-६' जीवनसत्त्वाचा, म्हणजे पायरिडॉक्सिनचा रेणू, हे दोन्ही एकाच प्रकारच्या कड्याभोवती रचलेले आहेत. शरीरात 'ब-६' चे जे कार्यक्षम रूप असते, त्याला आयसोनियाझिड चिकटते; हे जोडपे लघवीवाटे निघून जाते, आणि निष्क्रिय रूपातून कार्यक्षम रूप तयार करणाऱ्या यंत्रणेतही औषध अडथळा आणते. मज्जातंतूंचे पोषण आणि मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांची निर्मिती ही दोन्ही कामे 'ब-६' वाचून चालत नाहीत. ज्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा आधीच तुटपुंजा, त्याच्या पायांना प्रथम मुंग्या येणार. अमेरिकेत बील आणि व्हिल्टर यांनी १९५४ च्या सुमारास हा संबंध दाखवून दिला होता.

सर्वच रोग्यांना हा त्रास का होत नाही? यकृतात आयसोनियाझिडचा निचरा करण्याचा वेग माणसामाणसांत जन्मतः भिन्न असतो. काहींत तो शीघ्र असतो, काहींत मंद. मंद गतीच्या माणसाच्या रक्तात औषध अधिक काळ रेंगाळते. भारतात मंद गतीच्या व्यक्तींचे प्रमाण मोठे आहे. मद्रासच्या संशोधकांनी मोठ्या मात्रेवर असलेल्या रोग्यांना निरनिराळ्या तऱ्हांची 'ब' जीवनसत्त्वे देऊन पाहिली, आणि १९६३ मध्ये असे सिद्ध केले की दिवसाला अवघे ६ मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन हा विकार टाळण्यास पुरेसे होते. तसेच, इतक्या लहान मात्रेने आयसोनियाझिडच्या जंतुनाशक सामर्थ्याला बाध येत नव्हता. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची. रचनेत इतके साम्य असलेल्या द्रव्याने औषधाचीच धार बोथट केली असती, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरला असता.

आज आयसोनियाझिडची मात्रा त्या प्रयोगांतल्यापेक्षा कमी असते. तथापि गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, मधुमेही, मूत्रपिंडाचे रोगी, नित्य मद्यपान करणारे, अतिशय कृश माणसे आणि एच.आय.व्ही.ची बाधा असलेले रोगी यांना धोका अधिक असल्यामुळे त्यांना पायरिडॉक्सिनची वेगळी गोळी, बहुधा रोज १० मिलिग्रॅमची, देण्यात येते. ही गोळी नियमित उपचाराचाच भाग आहे. ती 'शक्तीची' गोळी समजून टाकून देऊ नये. आणि अधिक घेतल्याने अधिक फायदा होईल असेही समजू नये. दिवसाला काही ग्रॅम इतक्या प्रचंड मात्रेने पायरिडॉक्सिन महिनोन्महिने घेणाऱ्या माणसांचे मज्जातंतू बिघडल्याचे अमेरिकेतील वैद्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. ज्याच्या अभावी पाय बधिर होतात, त्याच्याच अतिरेकानेही ते बधिर होतात, हा निसर्गाचा एक चमत्कारिक न्याय आहे.

'ड' जीवनसत्त्वाची आशा

एकविसाव्या शतकात 'ड' जीवनसत्त्वाने पुन्हा एकदा मोठ्या आशा निर्माण केल्या. रक्तातील भक्षक पेशी 'ड' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने एक जंतुनाशक प्रथिन तयार करतात व ते क्षयाच्या जंतूंना मारक ठरते, असे २००६ मध्ये दिसून आले. ब्रॉम्प्टनचे तेल आणि फिन्सेनचे किरण यांचा उलगडा झाला, असे अनेकांना वाटले. मग रोग्यांवर प्रयोग सुरू झाले. लंडनमध्ये १४६ क्षयरोग्यांपैकी काहींना नेहमीच्या औषधांच्या जोडीला 'ड' जीवनसत्त्वाच्या चार मोठ्या मात्रा दिल्या. २०११ साली निष्कर्ष निघाला. थुंकी जंतुरहित होण्यास जीवनसत्त्वाच्या गटात सामान्यतः ३६ दिवस, तर दुसऱ्या गटात ४३.५ दिवस लागले; परंतु हा फरक केवळ योगायोगाने पडला नसेल अशी खात्री देता येण्याइतका मोठा नव्हता. तमिळनाडूत वेल्लोरच्या संशोधकांनी २४७ रोग्यांवर तशीच परीक्षा केली. तिचा निकाल २०१५ मध्ये आला आणि लाभ आढळला नाही. मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे तर ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षे प्रयोग चालला. तेथील हिवाळा दीर्घ, ऊन थोडे, मुलांत 'ड' जीवनसत्त्वाची उणीव जवळजवळ सार्वत्रिक. तरीही दर आठवड्याला हे जीवनसत्त्व घेतलेल्या मुलांना क्षयाचा संसर्ग इतर मुलांइतकाच झाला, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

काचपात्रात जे घडते ते देहात घडेलच असे नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत 'क' जीवनसत्त्वाने क्षयाचे जंतू मेले. तेवढ्यावरून लिंबू-आवळा खाऊन क्षय बरा होतो, असे सांगणारे भेटतात. लिंबू आणि आवळा जरूर खावेत, परंतु गोळ्यांच्या ऐवजी नव्हे. 'ड' जीवनसत्त्वाविषयी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. क्षयाच्या गाठींतील पेशी हे जीवनसत्त्व स्वतःच तीव्र रूपात आणू शकतात. म्हणून क्षयरोग्याने मनाने मोठ्या मात्रा घेतल्यास रक्तातील कॅल्शियम भलतेच वाढण्याचा संभव असतो.

दार-एस्-सलाममधील तीन प्रयोग

एच.आय.व्ही.च्या संदर्भात सर्वांत बोधप्रद काम आफ्रिकेत, टांझानियातील दार-एस्-सलाम शहरी झाले. वफाई फौझी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ पासून एच.आय.व्ही.बाधित हजाराहून अधिक गर्भवती स्त्रियांना निरनिराळी जीवनसत्त्वे देऊन त्यांची वर्षानुवर्षे पाहणी केली. त्या काळी विषाणूवरील औषधे तेथील गरिबांना मिळतच नसत. 'ब', 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वे घेणाऱ्या स्त्रियांत गर्भनाश कमी झाला व मुले अधिक वजनाची जन्मली. २००४ साली असे प्रसिद्ध झाले, की या जीवनसत्त्वांच्या गटातील २७१ स्त्रियांपैकी ६७ जणी रोगाच्या अखेरच्या अवस्थेला पोहोचल्या किंवा दगावल्या. कोणतेही जीवनसत्त्व न मिळालेल्या २६७ पैकी ८३. म्हणजे रोगाची गती मंदावली होती, पण थांबली नव्हती. 'अ' जीवनसत्त्वाने मात्र अनपेक्षित हानी केली : त्याच्या गटात मातेपासून बालकाला होणारा संसर्ग वाढला.

पुढे विषाणूरोधक औषधे दार-एस्-सलामला पोहोचली, आणि त्याच संशोधकांनी प्रश्न बदलून विचारला : औषध मिळत असताना जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने अधिक लाभ होतो काय? ३,४१८ रोग्यांना औषधांसोबत काहींना नेहमीच्या आणि काहींना कित्येक पट मात्रेत जीवनसत्त्वे देण्यात आली. २००९ साली हा प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला, कारण मोठ्या मात्रेच्या गटात यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात अधिक दिसू लागली. आणि लाभ तर काहीच नव्हता. जे जीवनसत्त्व औषधाच्या अभावी थोडा आधार देत होते, तेच औषध आल्यावर, अधिक मात्रेत, निरुपयोगी ठरले.

तिसरा प्रयोग क्षयरोग्यांवर झाला. ८८७ रोग्यांपैकी निम्म्याहून अधिकांना एच.आय.व्ही.चीही बाधा होती. क्षयाच्या औषधांच्या जोडीला जीवनसत्त्वे व सेलेनियम घेणाऱ्यांत क्षय पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले आणि मज्जातंतूंचा विकारही निम्म्याहून कमी झाला, असे २००८ मध्ये कळले. मृत्यूंच्या संख्येत मात्र निश्चित फरक पडला नाही. मलावीत झालेल्या तशाच प्रयोगातही मृत्यू टळले नाहीत.

शास्त्रज्ञांच्या या काळजीपूर्वक विधानांचे बाजारात काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेत त्याच दशकात एका विक्रेत्याने दार-एस्-सलामच्या निष्कर्षांचा आधार घेऊन जीवनसत्त्वांच्या गोळ्या हाच एड्सवरचा उपाय असल्याचा प्रचार केला व विषाणूरोधक औषधे विषारी ठरविली. केप टाउनभोवतालच्या गरीब वस्त्यांत लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. मूळ संशोधकांनी जाहीरपणे निषेध केला, आणि २००८ साली तेथील उच्च न्यायालयाने त्या गोळ्यांचे अवैध प्रयोग बंद पाडले. ज्यांनी मधल्या काळात औषधे घेतली नाहीत, त्यांना न्यायालयाच्या निर्णयाचा काय उपयोग?

झारखंडचा शिधा

मद्रासच्या प्रयोगात मागे पडलेला अन्नाचा प्रश्न साठ वर्षांनी झारखंडमध्ये पुन्हा हाती घेण्यात आला. २०१९ ते २०२२ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार जिल्ह्यांतील २,८०० क्षयरोग्यांना दरमहा शिधा दिला : तांदूळ, हरभऱ्याचे पीठ, दुधाची भुकटी, तेल, आणि त्यासोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दिवसाला १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने असा हिशेब होता. दर पाच रोग्यांत चार जण प्रमाणापेक्षा कृश होते. ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत शेकडा ५ ने वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका शेकडा ६१ ने कमी आढळला. रोग्यांच्या घरच्या माणसांतही दोन गट केले होते. ज्या कुटुंबांतील माणसांना शिधा मिळाला, त्यांच्यात नवा क्षय शेकडा ३९ ने कमी उद्भवला. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

येथेही जीवनसत्त्वे होतीच, पण ती भाताच्या आणि डाळीच्या सोबत होती. उपाशी देहाला केवळ गोळीतून जीवनसत्त्व देणे म्हणजे चुलीत लाकूड नसता फुंकर घालीत बसणे होय. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची सूचनाही याच धोरणाची आहे : प्रथम पुरेसे व पोषक अन्न, ते देणे शक्य नसेल तेथेच सर्व सूक्ष्म पोषकद्रव्यांची, नित्याच्या गरजेइतक्याच मात्रेची गोळी. भारत सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. या पैशांतून दुकानातील रंगीत बाटली आणावी की डाळ, शेंगदाणे, दूध आणि अंडी आणावीत, हा निर्णय कुटुंबाला करावयाचा असतो.

अखेरीस एक व्यावहारिक गोष्ट. आज एच.आय.व्ही.च्या पहिल्या उपचारात डोल्युटेग्राव्हिर हे औषध असते, आणि हट्टी क्षयात लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन असते. जीवनसत्त्वांच्या अनेक गोळ्यांत लोह, कॅल्शियम आणि जस्तही मिसळलेले असते. हे धातू पोटात या औषधांना चिकटतात व त्यांना रक्तात शिरू देत नाहीत. आम्लपित्तावरील पांढरी पातळ औषधेही तेच करतात. यासाठी डोल्युटेग्राव्हिर अशा गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे, असे सांगितले जाते. बाहेरून आणलेली बाटली किंवा गोळी कोणतीही असो, औषधे घ्यायला जाताना ती पिशवीत टाकून बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी. कारण रोगी आपण होऊन सांगत नाही, आणि गर्दीच्या वेळी डॉक्टरही विचारीत नाहीत.